खाली आलेला आकडा

पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट आपण कसा वाचतो? डावीकडची लांबलचक नावं कुणी वाचत नाही. नजर थेट जाते ती ठळक छापलेल्या आकड्यावर आणि त्याच्या शेजारच्या बाणावर. बाण वर असेल तर काहीतरी वाढलंय, खाली असेल तर काहीतरी कमी पडलंय. त्यातही 'कमी' या शब्दाची आपल्या घरांमध्ये जास्त धास्ती. हिमोग्लोबिन कमी, कॅल्शियम कमी, बी-ट्वेल्व्ह कमी... की लगेच खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे आणि 'तू मुळात नीट जेवतच नाहीस' हे ठरलेलं वाक्य.

पण शरीरात असेही काही आकडे असतात की ते वेळेवर खाली आले नाहीत तरच काळजी करावी. आज अशाच एका आकड्याबद्दल लिहायचंय. विषय बायकांच्या अंडाशयाचा आहे. पुरुष वाचकांनी पळ काढू नये, तुमच्याही घरात या गोष्टी चालूच असतात, फक्त तुमच्या कानावर येत नाहीत एवढंच.

निमित्त झालं माझ्या भाचीचं. (तिला विचारूनच लिहितेय. 'नाव नको घालूस मावशी, बाकी लिही' असं म्हणाली.) लग्नाला सहा वर्षं झाली, पीसीओएस आहे, पाळी अनियमित. या वर्षी डॉक्टरांनी तिला पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायला गोळ्या दिल्या. लेट्रोझोल. घरी सासूबाईंनी गोळ्यांबरोबरचा कागद उलगडला, चष्मा लावून वाचला आणि त्यावर 'स्तनाचा कॅन्सर' असं दिसल्यावर त्या हबकल्याच. त्यांनी ताईला फोन केला, ताईने मला. "अगं, तिला कॅन्सरचं औषध का देतायत? आणि आम्हाला कुणी काही सांगत कसं नाही?" ताईचा आवाज थरथरत होता. भाचीने तोवर पहिली गोळी हातात धरून ठेवली होती. घ्यायची की नाही?

मी डॉक्टर नाही. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि पुढे बरीच वर्षं कॉलेजात तेच शिकवलं. त्यामुळे 'घे' किंवा 'नको घेऊस' म्हणण्याचा अधिकार माझा नाही, तो तिच्या डॉक्टरांचा. पण ही गोळी शरीरात जाऊन नेमकं कुणाला अडवते, हे मात्र मी सांगू शकत होते.

ती अडवते अ‍ॅरोमॅटेज नावाच्या एका एन्झाइमला. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणायचे, आठवतं का? आणि गंमत अशी की भाचीच्या त्या एका महिन्यात हे एन्झाइम दोनदा बंद पडलं. एकदा गोळीने पाडलं म्हणून, आणि दुसऱ्यांदा तिच्या शरीराने स्वतःहून पाडलं म्हणून. दोन्ही वेळा घरात घबराट झाली, आणि दोन्ही वेळा ते बंद पडणं हेच योग्य होतं.

जरा मुळापासून सांगते. घरात दुधाचं काय काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. दुधाला विरजण लावलं की दही, दही घुसळलं की लोणी, लोणी कढवलं की तूप. एका पायरीवरून दुसरीवर जायला प्रत्येक वेळी वेगळी युक्ती लागते. अंडाशयातली हार्मोन्स साधारण अशीच तयार होतात. दुधाच्या जागी असतं कोलेस्टेरॉल. होय, तेच बदनाम कोलेस्टेरॉल. त्यात कार्बनचे २७ अणू. पहिलं एन्झाइम त्यातले सहा छाटून टाकतं आणि २१ कार्बनचं प्रेग्नेनोलोन तयार होतं. त्याचंच आणखी एका एन्झाइममुळे प्रोजेस्टेरॉन होतं, कार्बन २१ च. पुढे आणखी दोन कार्बन गेले की १९ कार्बनची अँड्रोजेन्स, म्हणजे ज्यांना आपण सरसकट 'पुरुषी' हार्मोन्स म्हणतो ती. आणि शेवटी अ‍ॅरोमॅटेज आणखी एक कार्बन काढून टाकतं, उरतं १८ कार्बनचं इस्ट्रोजेन. म्हणजे इस्ट्रोजेन हे या घरातलं तूप. आणि प्रत्येक बाईच्या शरीरात ते 'पुरुषी' हार्मोनपासूनच बनतं! वर्गात हे वाक्य म्हटलं की मागच्या बाकावरची मुलं हमखास जागी व्हायची.

आता दुसरी गंमत. हे सगळं एका पेशीत होत नाही. स्त्रीबीज ज्या छोट्याशा पिशवीत वाढतं (सोनोग्राफीत तिलाच 'फॉलिकल' म्हणतात) तिला दोन थर असतात. आतला ग्रॅन्युलोसा पेशींचा आणि बाहेरचा थीका पेशींचा. दोन्हींच्या मध्ये एक पातळ पडदा. बाहेरच्या थीका पेशी मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीकडून येणाऱ्या एलएच या हार्मोनचं ऐकतात आणि अँड्रोजेनपर्यंतचं काम करतात. पुढचं अ‍ॅरोमॅटेज त्यांच्याकडे जवळजवळ नसतंच. ते असतं आतल्या ग्रॅन्युलोसा पेशींकडे, आणि त्या ऐकतात एफएसएचचं. पण त्यांच्याकडे अँड्रोजेन बनवायचं एन्झाइम नसतं. म्हणजे एकीकडे लोणी, दुसरीकडे चूल. दोघींनी मिळून काम केलं तरच तूप.

हे कळलं कसं, त्याची गोष्ट मला फार आवडते. स्वीडनमधल्या लुंडच्या बेंग्ट फाल्क यांनी १९५९ साली उंदरांच्या अंडाशयातले अगदी बारीक तुकडे वेगळे केले आणि ते उंदराच्याच डोळ्यात, बुबुळाच्या पुढच्या पाणीदार पोकळीत बसवले. डोळ्यातच का? तिथे रक्तपुरवठा चांगला मिळतो आणि पारदर्शक खिडकीतून बघावं तसं आत काय चाललंय ते दिसतं. शेजारी त्यांनी योनीच्या अस्तराचा एक तुकडा लावला, कारण इस्ट्रोजेन मिळालं की ते अस्तर बदलतं, म्हणजे तो झाला मोजणीचा काटा. नुसत्या ग्रॅन्युलोसा पेशी लावल्या, काटा हलला नाही. नुसत्या थीका पेशी लावल्या, तरी नाही. दोन्ही शेजारी शेजारी लावल्या, तेव्हा अस्तर बदललं. इतक्या साध्या मांडणीतून इतकी मोठी गोष्ट!

आता गोळीकडे येऊ. पीयूषिका ग्रंथी रक्तातल्या इस्ट्रोजेनवर सतत लक्ष ठेवून असते. ते पुरेसं दिसलं की ती एफएसएचचा हात आखडता घेते. लेट्रोझोलने पाच दिवस अ‍ॅरोमॅटेज अडवलं की इस्ट्रोजेन घटतं, पीयूषिकेला वाटतं अजून कामच सुरू झालेलं नाही, आणि ती एफएसएच वाढवते. त्या जोरावर अडून बसलेलं एखादं फॉलिकल वाढायला लागतं. मग गोळ्या थांबतात. औषध शरीरातून साधारण दर दोन दिवसांनी निम्मं होत जातं, त्यामुळे स्त्रीबीज बाहेर पडायच्या वेळेपर्यंत ते फारसं उरलेलं नसतं. स्तनाच्या काही कॅन्सरना इस्ट्रोजेन लागतं, म्हणून तिथे हीच गोळी रोज, अनेक वर्षं देतात. औषध तेच, हेतू वेगळा.

सासूबाईंची भीती मात्र मला वेडगळ वाटली नाही. आपल्या सरकारलाही ती वाटली होतीच. २००५ साली कॅनडातल्या एका अभ्यासाचा सारांश एका परिषदेत मांडला गेला आणि बाळांमधल्या व्यंगांबद्दल शंका उठली. २००६ मध्ये कॅनडातल्याच डॉक्टरांनी ९११ बाळांची माहिती तपासली, त्यात लेट्रोझोलमुळे व्यंगं वाढल्याचं दिसलं नाही. तरी भारतात ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी हे औषध द्यायला बंदी आली. २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के जणींना मूल झालं, लेट्रोझोलने २७.५ टक्के जणींना. भारतातली बंदी २०१७ मध्ये उठली. हे सगळं मी भाचीला सांगितलं आणि म्हटलं, आता हेच प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे जा. ती गेली. या वेळी डॉक्टरांनी वीस मिनिटं दिली. त्याच रात्री तिने गोळी घेतली.

पहिलं बंद पडणं हे असं. दुसऱ्याची कथा याहून सुरस आहे.

बाराव्या-तेराव्या दिवशी तिच्या रोजच्या रक्ततपासण्या सुरू होत्या. एका दिवशी इस्ट्रोजेन दोनशेच्या वर. घरात आनंद. दुसऱ्या दिवशी जवळजवळ निम्मं! रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा ती ऑफिसात होती. जिन्यात उभं राहून तिने मला फोन केला. "मावशी, पडलं गं. सगळं फुकट गेलं." डॉक्टर ऑपरेशनमध्ये, रिसेप्शनवरची मुलगी म्हणतेय संध्याकाळी फोन करा. मी तिला एवढंच विचारलं, "त्याच कागदावर एलएच किती आहे?" ते आदल्या दिवशीच्या कितीतरी पट वाढलेलं होतं.

तर काय झालं होतं? वाढणारं फॉलिकल इस्ट्रोजेन तयार करतं, ते काही नुसतं गर्भाशयाचं अस्तर जाड करायला नाही. तो मेंदूला पाठवलेला निरोपही असतो. एरवी इस्ट्रोजेन पीयूषिकेला आवरून धरतं. पण ते साधारण २०० पिकोग्रॅमच्या वर गेलं आणि दोनेक दिवस तिथे टिकून राहिलं, की तेच इस्ट्रोजेन उलटं वागायला लागतं. आवरण्याऐवजी डिवचतं. पीयूषिका एलएचचा लोंढा सोडते. लोंढा सुरू झाल्यापासून साधारण ३४ ते ३६ तासांत फॉलिकल फुटून स्त्रीबीज बाहेर पडतं.

त्या तासांमध्ये फॉलिकलच्या आत जे होतं ते बघण्यासारखं असतं. ज्या एलएचच्या थोड्या थोड्या पुरवठ्यावर आजवर हे दुकान चाललं होतं, त्याचाच लोंढा आल्यावर तूप कढवणारी चूल विझते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये जोअ‍ॅन रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून उंदरांमध्ये हे एन्झाइमवार तपासलं. लोंढ्यानंतर काही तासांतच अ‍ॅरोमॅटेजचा जनुकीय निरोप, म्हणजे ज्यावरून ते एन्झाइम बनतं तो आरएनए, जवळजवळ नाहीसा होतो. थीका पेशींमधलं अँड्रोजेन बनवणारं एन्झाइमही ओसरतं. आणि त्याच वेळी साखळीच्या सुरुवातीचं, कोलेस्टेरॉलचे सहा कार्बन छाटणारं एन्झाइम मात्र वाढत जातं. म्हणजे दूध भरपूर, विरजण भरपूर, पण रवी खुंटीला टांगलेली आणि चूल विझलेली. मग घरात काय साठेल? दहीच दही. प्रोजेस्टेरॉन!

यात एक कोडं आहे आणि ते अभ्यासकांनाही बरीच वर्षं छळत होतं. एफएसएच आणि एलएच दोन्ही पेशीच्या आत एकाच निरोप्याकरवी काम करून घेतात. त्याचं नाव सायक्लिक एएमपी. मग तोच निरोप्या आधी अ‍ॅरोमॅटेज सुरू करतो आणि नंतर बंद कसं करतो? उत्तराचा एक भाग असा की लोंढ्याच्या जोराने पेशीत आणखी काही यंत्रणा जाग्या होतात, ज्या एरवीच्या हलक्या पुरवठ्याने होत नाहीत. त्यातल्या एका जोडीचं नाव ईआरके. २००९ मध्ये रिचर्ड्स यांच्याच गटाने उंदरांच्या ग्रॅन्युलोसा पेशींमधून ही जोडी काढून टाकली. लोंढा आला, पण फॉलिकल फुटलं नाही आणि पेशींनी आपलं जुनं रूपही सोडलं नाही.

दही लावायला दूधही तेवढंच लागतं. लोंढ्याआधी आतल्या ग्रॅन्युलोसा पेशींपर्यंत रक्तवाहिन्या पोचलेल्याच नसतात आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉलची मोठी गाडी, मधल्या पडद्यातून आत शिरत नाही. फॉलिकल फुटताना तो पडदा मोडतो, नव्या रक्तवाहिन्या आत घुसतात आणि कोलेस्टेरॉल दारात येऊन पडतं. तिथून ते मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापर्यंत न्यायचं काम एक प्रथिन करतं, त्याचं नावच 'स्टार'. टेक्सासमधल्या लबकला बार्बरा क्लार्क आणि डग्लस स्टोको यांनी ते १९९४ मध्ये ओळखलं. लोंढ्यानंतर ग्रॅन्युलोसा पेशींमध्ये हे स्टार झपाट्याने वाढतं. फुटलेल्या पिशवीच्या जागी मग एक पिवळसर गोळा तयार होतो, तो पीतपिंड. त्याच त्या जुन्या पेशी, पण धंदा बदललेला. माणसात हा पीतपिंड पुढे थोडं इस्ट्रोजेनही पुन्हा करायला लागतो, पण त्याचं मुख्य काम दिवसाला पंचवीस-तीस मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन करायचं. इस्ट्रोजेनने वाढवलेलं गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजण्याजोगं होतं ते या प्रोजेस्टेरॉनमुळेच.

म्हणजे त्या दिवशी भाचीच्या कागदावरचा आकडा 'पडला' नव्हता. निरोप पोचला होता, म्हणून निरोप देणं थांबलं होतं. हे मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इतक्या वेळा रक्त दिलं, पण हे कुणी सांगितलंच नाही गं." संध्याकाळी डॉक्टरांनीही तेच सांगितलं, दोन वाक्यांत. दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत फॉलिकल फुटलेलं दिसलं.

मला वाटतं, आपण बायका स्वतःच्या शरीराकडेही त्या बाणांच्या नजरेने बघायला शिकलोय. जे सतत वाढतंय तेच चांगलं, जे थांबलं ते बिघडलं. अंडाशय दर महिन्याला याच्या नेमकं उलट दाखवतं. जे काम काल जीव तोडून केलं, ते वेळ झाल्यावर हातावेगळं करून त्याच हातांनी दुसरं उचलायचं. कालचं काम वाईट होतं म्हणून सोडायचं असं नाही, ते पूर्ण झालं म्हणून.

आता तुम्ही विचाराल, पुढे काय झालं? आठवड्याने प्रोजेस्टेरॉन तपासलं, ते उत्तम होतं. पण पीतपिंडाला आयुष्य असतं साधारण १४ दिवसांचं. तेवढ्यात गर्भ रुजला तर तो एचसीजी नावाचं हार्मोन पाठवतो, ते एलएचच्याच जागी जाऊन बसतं आणि पीतपिंडाला सांगतं, थांब, अजून काम आहे. मग सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास वार ते काम आपल्याकडे घेते. असा निरोप आला नाही तर पीतपिंड ओसरतो. भाचीचा ओसरला. चौदाव्या दिवशी पाळी आली.

"म्हणजे सगळं बरोबर झालं तरी होत नाही?" तिने विचारलं. नाही होत. सगळं सुरळीत असलेल्या तरुण जोडप्यातही एका महिन्यात गर्भ राहायची शक्यता साधारण चार-पाचात एक. हे वाक्य तिला सांगताना मला जड गेलं, पण तिला ते ऐकून उलट बरं वाटलं असं म्हणाली. आपल्या हातून काही राहिलं नाही, एवढं तरी कळलं. पुढचे दोन महिने ती सुट्टी घेणार आहे, औषधातून आणि तपासण्यांमधूनही.

तर आता नातेवाईक मंडळींसाठी चार शब्द, कारण तुम्ही हे वाचता हे मला पक्कं ठाऊक आहे. दिवाळीला आपण सगळे भेटणार आहोत. त्या वेळी तिला 'काही विशेष?' असं विचारू नका. तिने चकली दुसऱ्यांदा घेतली किंवा नाही घेतली, त्यावरून एकमेकींना खुणा करू नका. चौदा-चौदा दिवस वाट बघणं काय असतं ते ती आपल्यापेक्षा चांगलं जाणते. बोलायचंच असेल तर तिच्या गच्चीतल्या टोमॅटोंबद्दल बोला. यंदा भरपूर आलेत, आणि त्यांच्याबद्दल ती तासभर सांगते.